मी लावलेलं भांडण

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पोपटाच्या शेंगा सोलणं. वालाच्या शेंगांना आमच्या भंडाऱ्याकडे पोपट म्हणतात, थंडीत घरोघरी त्याचीच भाजी असते. सकाळचे आठ वाजले असतील. अंगणात ऊन आलं होतं. मधात सूप, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. तिच्या दहा शेंगा सोलून व्हायच्या तेव्हा माझी एक व्हायची, अन् त्यातलाही एखादा दाणा खाली पडायचा. तो कोंबडी उचलायची.

"अजी, सूप तिच्याच पुढं ठेवा ना," बायको म्हणाली. "मधात तुम्ही कायले पाह्यजे?"

मी सूप तिथंच राहू दिलं. त्या सकाळी मी खूश होतो. का खूश होतो ते पुढे सांगतो, सांगायला लाज वाटावी असंच ते आहे. त्याच दिवशी दुपारी एक वाजता ती गेली.

तेव्हापासून जो भेटायला येतो तो म्हणतो, असं जोडपं आता होणार नाही. मी ऐकून घेतो. पण खरं असं आहे का आम्ही त्या महिन्यात वेगळे होत होतो. कोर्टात नाही, कागदावर नाही. करडीला, तिच्या माहेरी, तिच्या आईनं तिच्या नावानं दोन खोल्या ठेवल्या होत्या. ती तिथं जाऊन राहणार होती, मी इथं. गावात कोणाला माहीत नव्हतं. नागपूरला दिलेल्या आमच्या पोरीलाही नाही.

कारण काय, तर चहा.

गावातलं भांडण गावातच मिटावं, पोलिसात जाऊ नये, म्हणून गावोगावी तंटामुक्तीची समिती असते. आमच्या गावात तिचा अध्यक्ष अकरा वर्षं मीच. बांधाचं भांडण, नळाचं भांडण, सासू-सुनेचं भांडण, सगळं आमच्या ओसरीवर. मी दोन्ही बाजू ऐकायचो, एकाला दाबायचो, दुसऱ्याला फुगवायचो, अन् शेवटी दोघांना चहा पाजायचो. चहा एका कपातला अर्धा-अर्धा प्याले म्हणजे मिटलं, अशी आमची पद्धत. तो चहा मांडायची ती. संक्रांत झाली अन् एका सकाळी दोन भाऊ चहा पिऊन, मिठ्या मारून गेले. ती कप धुताना म्हणाली, "माझं झालं."

"काय झालं?"

"अकरा वर्षं झाले, मी गावाचे तंटे उकळून राहिली. लोक भांडते थे भांडते, मले दूध आणा लागते. आता मी करडीले जाते. तठी कोणी भांडत नाई माझ्या दारात."

"आठ दिवस जाऊन ये."

"आठ दिवस नाई. कायमची."

मला राग आला. मी तोंडाचा फटकळ. म्हणालो, "जा ना मंग. रस्ता सरकारचा आहे."

ती म्हणाली, "जातेच." अन् झालं. लोकांची भांडणं मिटवताना मी हजारदा सांगितलं असेल का बाबा, रागात निघालेला शब्द मागे घे. माझ्याच्यानं तो एक शब्द मागे घेववला नाही.

पण जायच्या आधी गावात बोभाटा नको, हे तिचं म्हणणं. "तंटामुक्तीच्या अध्यक्षाची बायको पळाली म्हणतीन लोक. मी भावाची तब्येत पाहाले चालली असं सांगीन. तंवर नीट राहा." नीट राहा म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

तेवढ्यात समितीपुढे एक जोडपं आलं. आमच्याच गल्लीतलं. पोरगा तुमसरला राईस मिलमध्ये कामाला, लग्नाला दीड वर्ष झालेलं. आईच्याच अंगणात राहायचा, पण चूल वेगळी. तर हा कामावरून आला का आधी आईच्या चुलीपाशी बसून खायचा, अन् मग बायकोच्या घरी जाऊन म्हणायचा, भूक नाही. ती ताट घेऊन उभी. रोजचं. एक दिवस तिनं ते ताट आईच्याच दारात नेऊन बकरीपुढे ठेवलं. बकरीनं खाल्लं, सासूनं पाहिलं, गावानं ऐकलं.

समितीत एक जण शहाणा आहे. तो म्हणाला, "या दोघाइले समजावून काई फायदा नाई. रोज संध्याकाळी अध्यक्ष साहेबाच्या घरी बसवा घंटाभर. नवरा-बायको कसे राहते ते डोळ्यानं पाहू द्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली. मग म्हणाली, "ठीक आहे. हे शेवटचं. हे दोघं धड झाले का दुसऱ्या दिवशी मी करडीची बस पकडते. तंवर करू नाटक."

पहिल्या दिवशी आम्ही तयारी केली. ती म्हणाली, माझ्या भाजीची तारीफ करा. पोरगा-पोरगी येऊन बसले, तिनं गंज, म्हणजे पातेलं, आणून ठेवला अन् मी म्हणालो, "वा! काय भाजी झाली आज!"

पोरगी म्हणाली, "आबाजी, झाकण तं काढू द्या आजीले."

ते गेल्यावर बायको मला जेवढं बोलली तेवढं पंचेचाळीस वर्षांत बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी झाकण निघेपर्यंत थांबलो, तर त्यात भाजी नव्हती, गरम पाणी होतं. पाय शेकायचं. तरी मी वास घेऊन मान हलवली. पोरगा हसला. पोरगी हसली. ते दोघं एकमेकांकडे पाहून हसले, अन् मला ते पाहून बरं वाटलं नाही.

कारण रात्रीच्या जेवणाआधी मी पाहिलं, तिनं माळ्यावरची निळी बॅग काढून झटकून ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी पोरगा स्वतःहून म्हणाला, "आबाजी, मी आता पहिले घरीच जेवत जाईन." पोरगी लाजली. भांडण मिटलं होतं. अकरा वर्षांत इतक्या लवकर कोणाचं मिटलं नव्हतं. बायको म्हणाली, "वा बाळा! झालं मंग." अन् ती माझ्याकडे पाहून असं गोड हसली का मला करडीची बस दिसली.

ती चहा मांडायला आत गेली तसा मी म्हणालो, "थांबा. इतक्या लवकर कायले? राग पुरा निघू द्या."

"निघाला ना आबाजी," पोरगी म्हणाली.

"आत असते तो. दिसत नाई. काय वं, त्यानं तुझ्या माहेरच्या लोकाइले काई म्हणलं होतं का?"

तिनं आठवून पाहिलं. एक निघालं. लग्नातला सोफा तिच्या बापानं दिला तो कुईकुई करतो असं पोरगा म्हणाला होता. मग काय, अर्ध्या घंट्यात सोफा, सोफ्याची गादी, गादीवर सांडलेला चहा, सगळं निघालं. दोघं वेगवेगळ्या दारानं गेले. आमच्या घराला दोन दारं आहेत ते बरं.

मग मी तेच करत गेलो. भांडण कसं विझवायचं हे ज्याला येतं त्याला ते कसं पेटवायचं हेही येतं, फक्त सगळं उलट करायचं. एकाला फुगवायचं, अन् दुसऱ्यालाही फुगवायचं. पोरगा आला का मी म्हणायचो, "तुझ्या आईच्या हातच्या भाजीची सर कोणाले आहे?" पोरगी आली का म्हणायचो, "सोफा मोठा मजबूत दिसते, बापानं निवडून घेतला असन." बायको एकीकडे मिटवून राहिली, मी एकीकडे लावून राहिलो. अन् त्यांच्यापुढे आम्ही दोघं एका बाजेवर टेकून बसलेलो, ती मला विडा लावून देऊन राहिली, मी तिला वारा घालून राहिलो. जानेवारीत. तिला हुडहुडी भरली तरी मी पंखा सोडला नाही.

पोरीनं तसा आमचा फोटो काढला अन् मोबाईलवर टाकला. सगळ्या गावानं पाहिला. त्याचा परिणाम असा का झेंड्याच्या दिवशी शाळेपुढे आमचा सत्कार ठेवला, आदर्श जोडपं म्हणून. शाल एकच आणली होती. सरपंचबाईनं ती आम्हा दोघांच्या अंगावरून एकत्रच गुंडाळली, माझा उजवा हात आत, तिचा डावा हात आत. पोरं टाळ्या वाजवून राहिली. शालीच्या आत ती मला हळूच म्हणाली, "ही शाल मी करडीले नेईन."

"अन् नारळ?" मी विचारलं.

"नारळ ठेवा तुम्ही. फोडता येते का तुमच्याच्यानं?"

"नाई येत."

"मंग कोणाले तरी भांडाले बोलवा अन् त्याच्या डोक्यावर फोडा."

मला हसू आलं. तिलाही आलं. लोकांना वाटलं, प्रेम पाहा म्हाताऱ्यांचं. सरपंचबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. शाल काढायला गेलो तर ती माझ्या सदऱ्याच्या बटणात अडकली, अन् आम्ही घरापर्यंत तसेच गुंडाळलेले चालत आलो. रस्त्यानं कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्याच दिवसांत एकदा खरं बोलायची पाळी आली. पोरीनं एका संध्याकाळी विचारलं, "आबाजी, आजी नसती तं तुमचं काय झालं असतं?"

मी विचार न करता बोलायला लागलो. म्हणालो, मला डाळीत मीठ किती घालायचं ते माहीत नाही. मला माझा सदरा कोणता अन् पोतेरं कोणतं ते कळत नाही. मी गावाशी मोठ्यानं बोलतो ते घरी कोणी ऐकणारं आहे म्हणून. ही एक दिवस तुमसरच्या बाजाराला गेली तरी मी चार वेळा रस्त्यापर्यंत जाऊन येतो, अन् विचारलं कोणी तर म्हणतो गाय पाहायला आलो. आमच्याकडे गाय नाही. ही गेली तर मी काय करीन, मला माहीत नाही. ही जाऊ नये.

पोरगी पदरात तोंड घालून रडली. पोरगा खाली पाहत बसला. मी बायकोकडे पाहिलं नाही. ते गेल्यावर ती भांडी घेऊन आत जात होती, दारात थांबली.

"आज तुम्ही नाटक चांगलं केलं," म्हणाली. "गाईचं तं लयच चांगलं."

मी म्हणायला पाहिजे होतं का ते नाटक नव्हतं. पण दहा दिवसांपासून मी गरम पाण्याची तारीफ करत होतो. माझं कोण ऐकणार होतं?

त्या रडण्यानं पोरगा-पोरगी पक्के वळले. दुसऱ्या दिवशी पोरगी एकटीच पळत आली, म्हणाली, "आबाजी, आता नाई भांडणार आमी. तुमच्या बोलण्यानं ते काल रडले घरी." बायकोनं आतून ऐकलं. बुधवारी जाते, असं ती मला संध्याकाळी म्हणाली. तो सोमवार होता. माझा गुडघा धरला होता, त्याला ती तेल लावत होती. वेगळं व्हायचं असलं म्हणून गुडघा दुखायचा थांबत नाही, अन् तेल लावणारी तीच.

ती हात धुवायला मागे गेली अन् मी लंगडत बाहेर आलो. पोरगी नळावर होती. मी तिला म्हणालो, "सांगू का नको असं झालं मले. आता डोळ्यानं पाहून आलो. तुझा नवरा आईच्या घरी मटण खाऊन राहिला. दोन वाट्या."

मंगळवारी पहिल्या बसनं पोरगी माहेरी गेली.

म्हणून मी मंगळवारी सकाळी शेंगा सोलताना खूश होतो. पोरगी माहेरी, म्हणजे भांडण चालू. भांडण चालू, म्हणजे बुधवार रद्द. कोंबडी दाणे खात होती तरी मला तिच्याबद्दल राग नव्हता.

बायको शेंगा सोलत म्हणाली, "पोट्टी गेली माहेरी. ठाऊक आहे का?"

"हो का? कायले?"

"नवऱ्यानं मटण खाल्लं म्हणते मायच्या घरी. काल दिवे लागणीले."

"पाहा बरं. सुधरत नाई हे पोट्टे."

"बस पकडाच्या आधी मले सांगून गेली. आबाजीनं डोळ्यानं पाहिलं म्हणे." तिनं शेंग खाली ठेवली. "काल दिवे लागणीले तुमचा गुडघा माझ्या मांडीवर होता. मंग मटण कोठून दिसलं तुम्हाले? तेलाच्या वाटीत?"

मी शेंग सोलत राहिलो. ती रिकामीच होती, मघाशीच सोललेली.

"अन् थो सोफा?"

मी दुसरी शेंग उचलली.

"सोफाही तुम्हीच?" ती म्हणाली, अन् हसायला लागली. असं हसली का सूप कलंडलं, दाणे अंगणभर झाले, कोंबडीचं तर लग्नच लागलं. डोळे पुसून म्हणाली, "अध्यक्ष साहेब! कायले केलं असं?"

मी म्हणालो, "त्याइचं मिटलं का तू जाशील म्हणून."

तिचं हसू थांबलं. ती दाणे वेचायला लागली. वेचता वेचता म्हणाली, "मंग सरळ सांगता नाई येत?"

"सांगतलो होतो. तू म्हणाली नाटक चांगलं केलं."

ती वेचत राहिली. एक दाणा वेचला, फुंकर मारली, सुपात टाकला. मग म्हणाली, "पोट्टा आता मिलमध्ये आहे. उद्या सकाळी जा अन् त्याले खरं सांगून या. पोट्टी घरी आली पाह्यजे. मंग पाहू."

"काय पाहू?"

"पाहू म्हणलं ना."

मी तो प्रश्न पुन्हा विचारणार होतो. भाजी टाकून येऊ दे, मग विचारू, म्हटलं. भाजी झाली, आम्ही जेवलो. मी झाकण काढलं तेव्हा तारीफ केली नाही, नुसतं दोनदा वाढून घेतलं. जेवण झालं अन् ती म्हणाली, अंग घामानं भिजून राहिलं. बाजेवर टेकली. मी शेजारच्याचा ऑटो बोलावला. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत तिनं माझ्या सदऱ्याची बाही धरली होती. पुढे नव्हती धरलेली. दवाखान्यात डॉक्टरनं हात लावला अन् मान हलवली. पोरगी नागपूरहून तीन वाजेपर्यंत पोहोचली, करडीचे लोक आले, अन् दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. गाव लोटलं होतं. जो तो आदर्श जोडपं, आदर्श जोडपं करत रडत होता. कोणीतरी ती शाल आणून तिच्यावर टाकली. मी म्हणालो, टाका, तिचीच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. सुतकात माणसानं दुसऱ्याच्या दारात जाऊ नये. माझी पोरगी म्हणाली, बाबा कुठं चालले? मी म्हणालो, काम आहे. त्या पोराच्या घरासमोर जाऊन रस्त्यावर उभा राहिलो. तो दात घासत होता. त्याची आई धावत आली.

"अजी, या ना, बसा. नाई, बसू नका, सुतक आहे. पाणी घ्या. नाई, पाणी कसं देऊ? उभे तं राहा!"

"उभाच आहो," मी म्हणालो. ओट्यावर चढता येत नव्हतं म्हणून रस्त्यावरूनच मोठ्यानं बोललो. "कारे, मी तुझ्या बायकोले खोटं सांगतलो. तू मटण नाई खाल्लं. मी पाहिलंच नाई. सोफ्याचंही मीच काढलो."

दारं उघडली. गल्लीतली माणसं बाहेर आली. समितीतला तो शहाणा दोन्ही हात जोडून म्हणाला, "अध्यक्ष साहेब, घरी चला. दुःखानं असं होते माणसाचं."

"माझं डोस्कं जाग्यावर आहे. आमी वेगळे होऊन राहिलो होतो. ती आज करडीले जाणार होती. याइचं भांडण मिटू नये म्हणून मी लावत होतो."

बायांनी पदर डोळ्यांना लावले. एक जण म्हणाली, "पाहा वं माय, किती जीव होता. भ्रमिष्ट झाला बिचारा."

एवढ्या लोकांत एकट्या त्या पोराला राग आला. तोंडात फेस, हातात ब्रश, तसाच रस्त्यावर आला. "म्हणजे तुम्हाले ठाऊक होतं मी मटण नाई खाल्लं? अन् मी कालपासून फोनवर आईच्या शपथा खाऊन राहिलो?"

"हव."

"तुम्ही अध्यक्ष आहा का कोण आहा, आबाजी?"

"शिव्या दे. पहिले फोन लाव."

त्यानं फोन लावला अन् माझ्यापुढे धरला, हात लांब करून, मला शिवू नये म्हणून. मी पोरीला सगळं पुन्हा सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आबाजी, आजीले ठाऊक होतं का हे?"

"काल सकाळी समजलं."

"मंग? काय म्हणाली?"

"म्हणाली, तू घरी आली पाह्यजे. मंग पाहू."

"काय पाहू?"

"ते नाई सांगतलं."

पोरानं तोंड धुतलं, गाडी काढली अन् गेला. माणसं हळूहळू पांगली. शहाणा दोनदा येऊन घरी चला म्हणाला, मी गेलो नाही. कोणाच्या ओट्यावर बसता येत नव्हतं, म्हणून विजेच्या खांबाला टेकून उभा राहिलो. गुडघा ठणकत होता. दीड घंट्यानं ते दोघं आले. पोरगी उतरली, माझ्या पाया पडायला वाकली, सुतक आठवलं तशी अर्ध्यातच थांबली, अन् तशीच वाकलेली रडली. मी म्हणालो, जा घरात.

ते आत गेले. दार लागलं. थोड्या वेळानं आतून पोरीचा आवाज आला, "मटणाचं जाऊ द्या. पण सोफा कुईकुई करते असं तुम्ही म्हणलं होतं का नाई?" पोरगा काहीतरी बोलला. तिचा आवाज चढला. त्याचाही चढला.

सवयीनं माझा पाय ओट्याकडे उचलला होता. मी तो खाली ठेवला अन् घराकडे वळलो.